हिरड्यांतून येणारे रक्त : वेळीच ओळखा

बैल विकत घेताना आपण आधी त्याचे तोंड उघडून पाहतो. दोन दाती आहे, चार दाती आहे, की जुळलेला आहे, हे पाहिल्याशिवाय कोणी जाणता शेतकरी पैसे मोजत नाही. गोठ्यातली म्हैस नीट चावत नसेल तर दुसऱ्याच दिवशी तिच्या तोंडात हात घालून तपासणी होते. स्वतःच्या तोंडाकडे मात्र आपण दात ठणकू लागला म्हणजेच वळतो. किडलेल्या दाताच्या बाबतीत हे एक वेळ चालून जाते, कारण कीड दुखते आणि माणसाला दवाखान्यात नेऊन बसवते. हिरड्यांचा आजार मात्र बहुधा दुखत नाही. तो वर्षानुवर्षे चालू राहतो आणि समजतो तेव्हा दात हलू लागलेला असतो.

आगाशी, निर्मळ, नंदाखाल, भुईगाव, गास या भागातील वाड्यांत शेतकरी बंधू-भगिनींशी बोलताना दोन वाक्ये हमखास ऐकू येतात. एक, "सकाळी चूळ भरताना थोडे रक्त येते, पण दुखत काही नाही." आणि दुसरे, "वय झाले की दात जायचेच." ही दोन्ही वाक्ये इतकी सवयीची झाली आहेत की त्यांत काही चूक आहे असे कोणाला वाटत नाही. प्रस्तुत लेखात याच दोन वाक्यांचा विचार करावयाचा आहे.

शेवाळ आणि कीटण

आपल्या बावखलाच्या दगडी पायरीवर हात फिरवून पाहा. पायरी दिवसभर पाण्याखाली असते, तरीही तिच्यावर बुळबुळीत थर असतो. नुसते पाणी ओतून तो थर जात नाही, नारळाच्या किशीने घासावा लागतो. दातांवरही असाच थर रोज तयार होतो. तो पांढुरका, मऊ व चिकट असतो आणि जवळजवळ पूर्णपणे जिवाणूंचा बनलेला असतो. दात स्वच्छ घासल्यानंतर काही तासांतच तो पुन्हा धरू लागतो. सकाळी उठल्यावर दातावर नख फिरवले तर नखाला लागतो तोच हा थर. कितीही चुळा भरल्या तरी तो निघत नाही. जिथे दात हिरडीतून वर येतो त्या काठाशी तो अधिक साचतो, आणि नेमकी तीच जागा घासायची राहून जाते.

हा थर एक-दोन दिवस तसाच राहिला की लाळेतील कॅल्शियमसारखे क्षार त्यात बसू लागतात व तो दगडासारखा कठीण होतो. यालाच आपण कीटण म्हणतो. खालच्या पुढच्या दातांची आतली, म्हणजे जिभेकडची बाजू आणि वरच्या दाढांची गालाकडची बाजू येथे कीटण जास्त धरते, कारण लाळेच्या नळ्या तोंडात नेमक्या तेथेच उघडतात. एकदा कीटण धरले की ब्रश, दातवण, मीठ, राख यांपैकी कशानेही ते निघत नाही. शिवाय त्याचा पृष्ठभाग खडबडीत असल्याने त्यावर नवा थर अधिक लवकर बसतो.

या जिवाणूंविरुद्ध शरीर स्वतःचा बचाव करू लागते. हिरडीकडे रक्तपुरवठा वाढतो, हिरडी सुजते, लाल होते आणि ब्रश लागताच रक्त येते. निरोगी हिरडीतून घासताना रक्त येत नाही. एवढे एक वाक्य लक्षात ठेवले तरी पुष्कळ काम होईल. हिरड्यांचा रंग मात्र फसवा असतो. आपल्यापैकी अनेकांच्या हिरड्यांवर जन्मतःच सावळे किंवा काळसर पट्टे असतात. तो आजार नव्हे. फुगवटा, तकाकी आणि रक्त यांकडे पाहावे.

दात सुटतो कसा

येथपर्यंतचा आजार पूर्ण बरा होतो. थर काढला, कीटण काढून घेतले की सूज उतरते, रक्त थांबते आणि हिरडी पूर्ववत होते. पुढची पायरी मात्र वेगळी आहे.

दात हाडाच्या खोबणीत बसलेला असतो आणि बारीक तंतूंनी हाडाशी बांधलेला असतो. निरोगी तोंडात दात आणि हिरडी यांमध्ये साधारण १ ते ३ मिलिमीटर खोलीची फट असते. सूज दीर्घकाळ टिकली तर काही लोकांत ही फट खोल होत जाते. ती ४ मिलिमीटर किंवा त्याहून अधिक झाली की ब्रश तळापर्यंत पोहोचत नाही. तेथे जिवाणूंना सुरक्षित आसरा मिळतो, कीटण हिरडीखाली उतरते, तंतू तुटतात आणि खोबणीचे हाड झिजू लागते. यालाच लोक पायोरिया म्हणतात. या झिजलेल्या हाडाची भर सहसा पुन्हा येत नाही. उपचाराने झीज थांबवता येते. काही निवडक ठिकाणी शस्त्रक्रिया करून थोडे हाड भरूनही आणता येते, परंतु गेलेले सगळे परत मिळवणे शक्य नसते.

पानवेलीची लागवड करणाऱ्यांना हे वेगळे समजावून सांगायला नको. मर रोगात वेल वरून हिरवी दिसत असताना मुळे कुजत असतात. पाने मलूल झालेली दिसतात तेव्हा वेल वाचवण्याची वेळ निघून गेलेली असते. हिरड्यांचेही तसेच आहे. दात वरून पांढरा, अखंड आणि न किडलेला दिसतो, पण बुंध्याचा आधार गेलेला असतो. मग एके दिवशी सुपारी फोडताना किंवा उसाचे कांडे सोलताना दात हलतो आणि दोष त्या सुपारीला दिला जातो.

हाड झिजू लागल्याची काही चिन्हे घरच्या आरशात दिसतात. हिरडी खाली उतरून दात पूर्वीपेक्षा लांब दिसू लागतो. पुढच्या दातांत पूर्वी नसलेली फट पडते, किंवा एखादा दात पुढे झुकतो. दोन दाढांमध्ये रोज त्याच ठिकाणी भाजी अडकते. हिरडी दाबली असता पू येतो. तोंडाला दुर्गंधी येते आणि ती चूळ भरूनही जात नाही. ही दुर्गंधी स्वतःला कळत नाही. घरातील माणसांना कळते, पण ती संकोचाने बोलत नाहीत.

वय झाले की दात जातातच का?

या प्रश्नावर दोन जुने अभ्यास आहेत. दोन्ही हॅराल्ड लो या शास्त्रज्ञाच्या पुढाकाराने झाले. पहिला डेन्मार्कमध्ये झाला व १९६५ साली प्रसिद्ध झाला. निरोगी हिरड्या असलेल्या १२ जणांना दात घासणे पूर्ण बंद करावयास सांगितले. १० ते २१ दिवसांत बाराही जणांच्या हिरड्या सुजल्या. पुन्हा घासणे सुरू केल्यावर काही दिवसांतच त्या पूर्ववत झाल्या. हे सर्व तरुण होते. म्हणजे हिरडी सुजण्याला वय लागत नाही, तीन आठवड्यांची हयगय पुरेशी होते.

दुसरा अभ्यास आपल्याला अधिक जवळचा आहे, कारण तो शेतमजुरांवर झाला. १९७० साली श्रीलंकेतील चहाच्या मळ्यांत काम करणाऱ्या ४८० तमिळ मजुरांची तपासणी सुरू झाली. हे मजूर दात घासत नसत आणि त्यांना दंतवैद्यही उपलब्ध नव्हता. पंधरा वर्षे त्यांची पुन्हा पुन्हा तपासणी करण्यात आली व १९८६ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाले. या लोकांचे दात जवळजवळ किडलेले नव्हते. जे दात गेले ते हिरड्यांच्या आजारानेच गेले. सुमारे ८ टक्के मजुरांत आजार झपाट्याने वाढला आणि पंचेचाळिशीपर्यंत त्यांचे जवळजवळ सर्व दात गेले. सुमारे ८१ टक्क्यांत तो मध्यम गतीने वाढला. उरलेल्या सुमारे ११ टक्क्यांत हिरड्या सुजलेल्या होत्या, पण आजार त्यापुढे गेला नाही.

यातून दोन गोष्टी निघतात. "माझ्या आजोबांनी कधी ब्रश हातात धरला नाही, तरी मरेपर्यंत दात शाबूत होते" असे सांगणारे लोक खोटे बोलत नाहीत. त्यांचे आजोबा त्या अकरा टक्क्यांतले असावेत. पण आपण त्या अकरांत आहोत की आठांत, हे आधी कळण्याचा सोपा मार्ग नाही. दुसरी गोष्ट अशी की दात जाणे हे वयाचे काम नसून साठत गेलेल्या वर्षांचे काम आहे. साठीत पडणारा दात तिशीतच सुटायला लागलेला असतो.

मशेरी, विडी आणि पान

हा भाग थोडा अप्रिय आहे, पण टाळता येणार नाही.

पहाटेच्या लोकलने भाजी, फुले किंवा दूध घेऊन दादरकडे निघणाऱ्या कित्येक भगिनी तव्यावर काळी भाजलेली तंबाखूची मशेरी लावतात. मशेरीने दात घट्ट होतात, हिरड्या बळकट राहतात, पोट साफ होते, अशी समजूत आहे. मशेरी हे दात घासायचे साधन नाही, ती तंबाखू आहे. हिरडीवर चोळल्याने तिच्यातील निकोटीन थेट रक्तात जाते आणि तरतरी येते. एखाद्या दिवशी नाही लावली तर डोके जड होते, चैन पडत नाही. हे मशेरी उपयोगी असल्याचे लक्षण समजले जाते. वास्तविक ते व्यसनाचे लक्षण आहे. तंबाखू जेथे रोज चोळली किंवा धरली जाते तेथली हिरडी उतरते आणि दाताचे मूळ उघडे पडते. त्याच जागी पांढरा चट्टा उठू शकतो. अशा चट्ट्यांतील काहींचे पुढे कर्करोगात रूपांतर होते.

महाराष्ट्रातील खेड्यांत १,०१,७६१ लोकांची तोंडे तपासून झालेला एक अभ्यास १९७२ साली प्रसिद्ध झाला. त्यात तोंडाचा कर्करोग आणि त्याआधीची लक्षणे यांचा तंबाखूच्या सवयींशी असलेला संबंध तपासला होता. म्हणजे ही माहिती काल-परवाची नाही. मुंबईत १,२१७ गर्भवती स्त्रियांवर झालेला आणि २००४ साली प्रसिद्ध झालेला अभ्यास असे सांगतो की, मशेरी व तत्सम धूरविरहित तंबाखू वापरणाऱ्या स्त्रियांच्या बाळांचे वजन सरासरी १०५ ग्रॅमने कमी भरले. आजी मशेरी लावते, तिच्या मांडीवर बसलेली नात डबीत बोट घालते आणि हे वाण पुढच्या पिढीत जाते.

टूथपेस्ट व दंतमंजनात तंबाखू घालण्यास केंद्र शासनाने १९९२ सालीच बंदी केली आहे. गुटख्यावर महाराष्ट्रात २०१२ पासून बंदी आहे. तरीही २०१६-१७ च्या राष्ट्रीय पाहणीनुसार राज्यातील २६.६ टक्के प्रौढ कोणत्या ना कोणत्या स्वरूपात तंबाखू वापरत होते. घरच्या तव्यावर भाजलेल्या तंबाखूला कोणती बंदी लागू होणार?

विडी-सिगारेट ओढणाऱ्यांनी आणखी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. धुरातील निकोटीनमुळे हिरडीतील रक्तवाहिन्या आकसतात, त्यामुळे आजार असूनही रक्त कमी येते. वेलीच्या मुळाशी कूज चालू असताना पानांवर हिरवा रंग फासावा तसा हा प्रकार आहे. विडी सोडल्यावर काही आठवडे हिरड्यांतून पूर्वीपेक्षा जास्त रक्त येऊ शकते. पुष्कळ जण यामुळे घाबरतात आणि "विडी होती तेच बरे होते" म्हणून पुन्हा ओढू लागतात. ते रक्त विडी सोडल्याने झालेल्या रोगाचे नसते. झाकलेला रोग उघडा पडलेला असतो. तेव्हाच दंतवैद्याकडे जावे.

आता पानाविषयी. वसईच्या पानवेलीवर कित्येक घरे उभी राहिली, तेव्हा पानाला दोष देताना हात आखडतो. पण खरा दोष पानाचा नाहीच. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २००४ साली सुपारीलाच कर्करोगकारक ठरवले आहे. तंबाखू नसलेला, सुपारी घातलेला विडाही त्यात आला. सततच्या सुपारीने गालाची आतली त्वचा ताठ होते व तोंड उघडणे कमी होते. आपली तीन बोटे एकावर एक उभी धरून तोंडात जातात का पाहावे. जात नसतील तर उशीर करू नये. अशा तोंडात मागच्या दाढांपर्यंत ब्रशही जात नाही, मग हिरड्या बिघडतात त्या वेगळ्याच. सणासुदीला खाल्लेल्या एका विड्याने हे होत नाही. गालात दिवसभर धरलेल्या सुपारीने होते.

आपल्याकडच्या सुकेळीचीही येथे दखल घ्यावी लागेल. राजेळी केळ्याची सुकेळी ही आपली शान आहे, ती सोडा असे कोणी म्हणणार नाही. मात्र ती दातांना चिकटते व तिच्यातील साखर तासन्तास तेथे राहते. त्याचा परिणाम हिरडीपेक्षा दाताच्या किडीवर अधिक होतो. सुकेळी जेवणाबरोबर खावी आणि नंतर पाण्याने खळखळून चूळ भरावी. येता-जाता तुकडा तोंडात टाकू नये.

तोंडाचा आजार तोंडापुरता राहत नाही

मधुमेह आणि हिरड्यांचा आजार यांचे नाते दुहेरी आहे. साखर ताब्यात नसलेल्या माणसाला पायोरिया होण्याची शक्यता दोन ते तीन पट अधिक असते आणि तो वेगाने वाढतो. उलट बाजूने, हिरड्यांतील सततची सूज साखर ताब्यात येऊ देत नाही. अशा रुग्णांच्या हिरड्यांवर नीट उपचार केल्यावर तीन महिन्यांची सरासरी साखर दाखवणाऱ्या तपासणीत सुमारे ०.३ ते ०.४ टक्क्यांची घट आढळली आहे. आकडा लहान वाटेल, परंतु एखादे जादा औषध सुरू करून मिळावी इतकी ही घट आहे. म्हणून पन्नाशीच्या आत दात हलू लागले असतील तर दंतवैद्याबरोबर रक्तातील साखरेचीही तपासणी करून घ्यावी. कित्येकांना आपला मधुमेह दाताच्या खुर्चीत बसल्यावर कळला आहे.

हृदयविकार असलेल्यांत हिरड्यांचा आजार अधिक आढळतो हे खरे. पण हिरड्या साफ केल्या की हृदयविकार टळतो, असे अजून सिद्ध झालेले नाही. तसे छातीठोकपणे सांगणाऱ्यावर विश्वास ठेवू नये.

गर्भारपणात संप्रेरकांमुळे हिरड्या सहज सुजतात. दात तेवढेच घासले तरी रक्त जास्त येते, म्हणून बायका घासणेच सोडून देतात व सूज आणखी वाढते. गर्भारपणात कीटण काढून घेता येते. चौथा ते सहावा महिना त्यासाठी सोयीचा असतो. दिवस गेल्याचे डॉक्टरांना आधी सांगावे.

आणि सर्वात साधा परिणाम म्हणजे चावता न येणे. दाढा गेलेला माणूस भाकरी, कच्ची काकडी, मुळा, पेरू, शेंगदाणे सोडतो आणि चहा-पाव, पेज-भातावर येतो. ज्याच्या वाडीत भाजी पिकते त्याच्याच ताटात ती राहत नाही.

सगळेच रक्त पायोरियाचे नसते

पावसाळ्यात ताप आलेला असताना हिरड्यांतून आपोआप रक्त आले तर दंतवैद्याची वाट पाहू नये, त्याच दिवशी रुग्णालयात जावे. डेंगीच्या तापात ते धोक्याचे लक्षण असते. ताप, अशक्तपणा, अंगावर निळसर डाग आणि हिरड्यांतून रक्त असे एकत्र दिसले तरीही रक्ताची तपासणी तातडीने करावी.

काही औषधांनीही हिरड्या वाढतात. फिटवरील फेनिटॉइन आणि रक्तदाबावरील निफेडिपीन व अॅम्लोडिपीन ही त्यांतली नेहमीची नावे. हिरड्या दातांवर चढू लागल्या तर औषध देणाऱ्या डॉक्टरांना दाखवावे. स्वतःच्या मनाने गोळी बंद करू नये, विशेषतः फिटची.

"क जीवनसत्त्व कमी पडले असेल" असे म्हणून पुष्कळ जण आंबट गोळ्या चघळत बसतात. क जीवनसत्त्वाच्या अभावाने हिरड्या सुजतात हे खरेच आहे. वास्को द गामाचा ताफा १४९८ साली हिंदुस्थानातून परत निघाला, तेव्हा तीन महिने समुद्रात अडकलेल्या त्याच्या कितीतरी खलाशांच्या हिरड्या दातांवर चढल्या आणि सुमारे तीस माणसे दगावली. महिनोन्महिने ताजे फळ, भाजी न मिळाल्याचा तो परिणाम होता. दारात पेरू, आवळा, लिंबू आणि हिरवी भाजी असलेल्या वसईकराला हा रोग होणे अवघड आहे. आवळा जरूर खावा, पण तो कीटण काढत नाही.

रोज काय करावे

मऊ केसांचा ब्रश घ्यावा. कडक ब्रशने जोरात घासले म्हणजे स्वच्छ होते ही समजूत चुकीची असून त्याने हिरडी खरचटते व दाताच्या मुळाशी खाच पडते. ब्रशचे केस तिरके धरून अर्धे दातावर आणि अर्धे हिरडीच्या काठावर टेकवावेत, आणि जागच्या जागी हलकेच हलवावेत. दाताची बाहेरची बाजू, आतली बाजू आणि चावण्याची बाजू अशा तिन्ही घासाव्यात. दोन मिनिटे लागतात. घड्याळ लावून पाहिले तर आपण एरवी अर्ध्या मिनिटातच उरकतो असे दिसेल. फ्लोराइड असलेली पेस्ट वाटाण्याएवढी पुरे. ब्रशचे केस फाकले की, किंवा तीन महिन्यांनी, तो बदलावा.

एकच वेळ साधणार असेल तर रात्रीची साधावी. झोपेत लाळ कमी सुटते आणि जिवाणूंना मोकळे रान मिळते. पहाटे तीनला उठून फुले खुडणाऱ्यांना सकाळी दोन मिनिटे मिळत नाहीत हे समजण्यासारखे आहे. पण रात्री जेवण झाल्यावर ती नक्की मिळतात.

रक्त येते म्हणून त्या जागी घासणे सोडू नये. चूक नेमकी येथेच होते. रक्त येते तेथेच थर साचलेला असतो, म्हणून तेथे हलक्या हाताने पण अधिक नीट घासावे. सूज साधी असेल तर एक-दोन आठवड्यांत रक्त कमी होते. तरीही थांबले नाही तर खाली कीटण आहे असे समजावे.

कडुनिंबाचे किंवा बाभळीचे दातवण वापरणाऱ्यांनी त्याचे टोक चांगले चावून मऊ कुंचला करावा आणि हिरडीच्या काठाने फिरवावे. नुसते चघळून टाकू नये. विटेची पूड, कोळसा, राख, जाड मीठ यांनी दाताचे कवच झिजते. गेलेले कवच परत येत नाही.

दोन दातांमधली जागा ब्रशने साफ होत नाही. त्यासाठी औषधांच्या दुकानात दातांचा दोरा आणि बारीक ब्रश मिळतात. फट मोठी असेल तर बारीक ब्रश अधिक सोयीचा. खराट्याचा हीर, काडेपेटीची काडी, सेफ्टी पिन यांपैकी काहीही तेथे घालू नये. जेवणानंतर अंगणात बसून हिराने दात कोरणे हा आपल्याकडचा आरामाचा भाग आहे खरा, पण रोज त्याच जागी टोचलेली हिरडी खाली उतरते.

कोमट पाण्यात अर्धा चमचा मीठ घालून चूळ भरल्याने सुजलेल्या हिरडीला आराम पडतो, एवढाच तिचा उपयोग. लवंगेचे तेल हिरडीला लावू नये, त्वचा भाजते. क्लोरहेक्झिडीनचे औषधी पाणी गुणकारी आहे, परंतु ते दीर्घकाळ वापरल्यास दात तपकिरी होतात व चव बिघडते. डॉक्टर सांगतील तितकेच दिवस वापरावे. औषध दुकानातून परस्पर अँटिबायोटिक आणून घेणे हा तर शुद्ध तोटा आहे. कीटण जागेवर असेपर्यंत गोळ्या संपल्या की आजार परत येतो.

कीटण काढल्याने दात ढिले होतात का?

ही शंका जवळजवळ प्रत्येक जण काढतो आणि तिच्यामुळे अनेकांचे दात गेले आहेत. ज्याच्या हिरड्यांखाली वर्षानुवर्षांचे कीटण आहे, त्याच्या दातांमधील फटी त्या कीटणाने बुजलेल्या असतात. ते काढल्यावर सूज उतरते, फटी उघड्या पडतात, दात लांब दिसतात आणि जिभेला वेगळेच लागते. काही दिवस थंड पाणी झणझणते. माणसाला वाटते, डॉक्टरने दात खिळखिळे केले. वास्तविक हाड आधीच गेलेले असते, कीटणाने ते झाकलेले होते. जितक्या लवकर कीटण काढाल तितक्या या फटी कमी. वरचा दात काढला तर डोळा जातो, हीसुद्धा अशीच निराधार समजूत आहे.

वर्षातून एकदा आणि पायोरिया किंवा मधुमेह असेल तर दर तीन ते सहा महिन्यांनी दंतवैद्याकडून तपासणी करून घ्यावी. ते खुणा असलेल्या बारीक सळईने प्रत्येक दाताभोवतीची फट मोजतात. फट खोल असेल तर हिरडीखालची सफाई करावी लागते आणि ती एका बैठकीत होत नाही. आपली फट किती मिलिमीटर आहे हे विचारून वहीत लिहून ठेवावे. पुढच्या वेळी ती वाढली की कमी झाली हे आपल्यालाच कळते. विहिरीच्या पाण्याची पातळी आपण ठेवतोच ना!

गावाजवळ खाजगी दंतवैद्य आहेत. खर्चाची अडचण असेल तर मुंबईत दोन जुनी शासकीय व पालिकेची दंत महाविद्यालये आहेत. नायर रुग्णालयाचे दंत महाविद्यालय मुंबई सेंट्रल स्थानकाजवळ आहे. शासकीय दंत महाविद्यालय छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसजवळ सेंट जॉर्जेस रुग्णालयाच्या आवारात आहे. माल घेऊन दादरपर्यंत आपण जातोच, तेथून ही दोन्ही ठिकाणे दूर नाहीत. तंबाखू, मशेरी किंवा विडी सोडण्यासाठी १८००-११-२३५६ या क्रमांकावर विनामूल्य सल्ला मिळतो.

भातशेती असलेल्यांनी लावणी आटोपल्यानंतरचा आणि कापणीपूर्वीचा काळ यासाठी राखून ठेवावा, म्हणजे दोन-तीन फेऱ्या सहज होतात. जाताना चालू औषधांची चिठ्ठी बरोबर न्यावी. मधुमेह असेल तर उपाशीपोटी जाऊ नये, सकाळचे जेवण व गोळी घेऊनच जावे. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर ती स्वतःहून बंद न करता आधी तसे सांगावे. सफाईनंतर झणझण होत असेल तर आठ-पंधरा दिवस कोमट पाणी प्यावे आणि मऊ ब्रशने घासणे त्याच रात्रीपासून पुन्हा सुरू करावे.